यंत्र बंद पडलं की हाक कुणाला?

भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत आपल्या गटातल्या कितीतरी जणी पुसण्याचं, मोजण्याचं, पॅकिंगचं काम करतात. शेजारी प्रेस मशीन धडधडत असतं. ते बंद पडलं की हाक मात्र पुरुषालाच जाते. यंदा गटातल्या एका ताईंची लेक म्हणाली, "मला मेकॅनिकलला जायचंय." घरचे म्हणाले, "कॉम्प्युटर घे, हात काळे होणार नाहीत." बैठकीत यावर तासभर चर्चा झाली. म्हणून आज आम्ही थोडं मागे जाऊन बघतोय.

पुण्यात १८५४ साली सरकारी बांधकामांसाठी माणसं तयार करणारी शाळा निघाली. तेच पुढे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं. मुंबईत १८८७ साली भायखळ्याला व्हीजेटीआय सुरू झालं. गिरण्यांना यंत्रं समजणारी माणसं हवी होती. १९२३ मध्ये ही संस्था माटुंग्याला गेली. गंमत बघा, गिरणीत बायकाही होत्या. रीलिंग, वाइंडिंग खात्यांत त्या दिवसभर यंत्रापाशीच उभ्या असत. पण यंत्र चालवणं वेगळं आणि ते उघडून दुरुस्त करणं वेगळं. ती विद्या पुरुषांकडेच राहिली, आणि पगारही तिच्याच मागे गेला.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, बंगालमधल्या शिबपूरच्या कॉलेजात इला मजुमदार यांनी प्रवेश घेतला. १९५१ मध्ये त्या मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या. देशातली पहिली महिला मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून त्यांचंच नाव घेतात. पुढे मुलींसाठी पॉलिटेक्निक उभं करण्याचं कामही त्यांनी केलं.

तरीही १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' अशी अट होती. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना मुलाखतीला बोलावलं आणि नोकरीही मिळाली. त्या इलेक्ट्रिकलच्या, पण कारखान्याचं दार त्यांनी सगळ्यांसाठीच किलकिलं केलं. कर्वे यांनी हिंगण्याला लावलेल्या रोपातून वाढलेल्या संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात खास मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. आणि आयआयटीत मुली फारच कमी येतात म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा ठेवल्या गेल्या.

आज आपल्या राज्यात अर्जावर 'मुलींनी येऊ नये' असं कुठेच लिहिलेलं नाही. उलट केंद्रीय प्रवेश फेरीत मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. अट एकच, प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर हा लाभ नाही.

म्हणजे ती जाहिरात गेली, आता उरलीय ती आपल्या घरातली अट. आणि दुसरी अडचण कागदांची. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला, जात पडताळणी, डोमिसाइल हे सगळं निकालानंतर धावपळ करून मिळत नाही. मुलगी अकरावीत गेली की लगेच सुरुवात करा. बारावी जमली नाही तर दहावीनंतर डिप्लोमा आहे, आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

त्या ताईंना परीक्षेच्या फीसाठी गटातून कर्ज दिलं. अर्ज भरताना आईच शेजारी बसली होती. शाखा निवडायची वेळ आली तेव्हा तिनेच विचारलं, "मेकॅनिकल पहिल्या नंबरावर टाकलंस ना गं?"