दसऱ्याची काळबादेवी

दसऱ्याला मुंबईतल्या कचेऱ्या बंद, म्हणून डबेही बंद. आंबेगाव तालुक्यातल्या कळंबच्या आमच्या डबेवाल्यांना डोक्यावर पाटी नसताना फोर्टात हिंडायला मिळायचं, अशा मोजक्या सकाळींपैकी ही एक. एरवी तीस-चाळीस डब्यांची ती लांब लाकडी पाटी घेऊन पळणाऱ्याला समोरची माणसं चुकवायची असतात. इमारती बघणार कोण?

नाना, माझे आजोबा, १९५०नंतर काही वर्षं डबे पोचवत होते. महादू हवाजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास सुरू केलेल्या या धंद्यात आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळचीच माणसं फार. गावाकडच्यानं गावाकडच्याला बोलवायचं, मुकादमानं हाताखाली घ्यायचं आणि राहायला गावकीची खोली. दसऱ्याच्या पहाटे सायकली, हातगाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, धुतलेलं धोतर नेसायचं, टोपी चढवायची आणि सगळ्यांनी मिळून दादरला ट्राम धरायची. गिरणीतले गाववालेही यायचे. क्रॉफर्ड मार्केटपाशी उतरून पायी झवेरी बाजारात, मुंबादेवीला. तिथं आपट्याची पानं एकमेकांच्या हातात देऊन थोरांच्या पाया पडणं व्हायचं.

मग काळबादेवी. नाना हे सांगायला लागले की सावरून बसायचे.

"हितं आपला बाबू पडला," असं टोळीतला सगळ्यात वयस्कर माणूस दरवर्षी नव्या पोरांना सांगायचा. बाबू गेनू सैद म्हाळुंगे पडवळचा, म्हणजे आमच्याच तालुक्यातला. घरची गरिबी, म्हणून मुंबईला येऊन गिरणीत लागलेला. १२ डिसेंबर १९३० रोजी पोलिसांच्या बंदोबस्तात विलायती कापडाचा ट्रक निघाला, तेव्हा तो अडवायला बाबू पुढे झाला. ट्रक थांबला नाही. बाबू बावीस वर्षांचा होता. नाना म्हणत, "आमच्यातली निम्मी पोरं त्याच वयाची. कुणाला काय बोलावं सुचायचं नाही." त्या ठिकाणी आपट्याची पानं ठेवून सगळे टोप्या काढून उभे राहत. भोवती गुजराती दुकानांतून फाफडा-जिलेबीसाठी झुंबड उडालेली असायची. थोड्या वेळानं आमची मंडळीही जिलेबी घ्यायची. मला यात विसंगती वाटत नाही. सणाच्या दिवशी आपल्या माणसाकडे जाऊन तोंड गोड केल्याशिवाय कुणी परततं का?

पुढे बोरीबंदर, फ्लोरा फाउंटन आणि शेवटी गेटवे. ज्या इमारतींचे मागचे जिने पाठ होते त्या समोरून बघायच्या. नानांना बोरीबंदरच्या दगडातली मोर-माकडं आवडायची. ३१ मार्च १९६४ला मुंबईची शेवटची ट्राम धावली. त्याच्या आधीच नाना शेती बघायला कळंबला परतले होते.

नंतर घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर नाव मिळालं. पुस्तकांत बाबू गेनू भेटतो तो ट्रकसमोर एकटाच. नानांच्या बोलण्यात मात्र त्याच्याभोवती त्याचं गाव असायचं, पानं घेऊन आलेलं. हा इतिहास कुठल्या दप्तरात नाही. तो कळंब, मंचर, म्हाळुंग्याच्या ओट्यांवर बसलेल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांकडे आहे. ज्यांच्या घरात अशी माणसं आहेत त्यांनी या दसऱ्याला त्यांच्याजवळ बसावं आणि विचारावं: खोली कुठं होती, ट्राम कुठं धरायचात, पुढं कोण चालायचं? आणि ते लिहून ठेवावं.