अंगोलाची कोठडी आणि काळ्या कैद्यांचा लढा

महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. परमपूज्य बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाला लागूनच हार्लेमची वस्ती. 1946 साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. तेव्हा अमेरिकेतील काळ्या बांधवांचा इतिहास आपल्याला परका नाही. त्यातला एक भाग मात्र आपल्या व्याख्यानांतून फारसा येत नाही. तो म्हणजे तुरुंगातला लढा. तो विहारातील तरुणांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

कायद्यातली फट

1865 साली अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. पण त्याच वाक्यात एक अपवाद ठेवला : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी ही फट बरोबर हेरली. बेकार फिरतो म्हणून काळ्या माणसाला पकडायचं, शिक्षा ठोकायची आणि कैदी म्हणून मळ्यावर भाड्याने द्यायचं. कालचा गुलाम आज कैदी झाला, काम तेच राहिलं.

लुईझियाना राज्यातला अंगोला तुरुंग हे त्याचे ढळढळीत उदाहरण. सुमारे 18,000 एकरांचा हा पूर्वीचा गुलामांचा मळा. गुलाम आफ्रिकेतल्या अंगोलाहून आणलेले, म्हणून हे नाव पडले. यादवी युद्धानंतर सॅम्युअल जेम्स नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने राज्याचे कैदी भाड्याने घेऊन तिथे राबवले. 1901 पासून तुरुंग राज्याच्या ताब्यात आला. कैदी कापूस वेचायचे, आणि घोड्यावर बंदूकधारी पहारेकरी. मजुरी तासाला काही सेंट. आम्ही आयुष्यभर कापसात काम केलेली माणसं. बोंड वेचणाऱ्या हाताला काय मिळतं, हे आम्हांला कुणी समजावून सांगायला नको.

एकांताची शिक्षा

एकट्याला कोंडण्याची पद्धत 1829 साली फिलाडेल्फियाच्या तुरुंगात रीतसर सुरू झाली. क्वेकर पंथाच्या लोकांचा हेतू बरा होता : माणूस एकटा राहिला की त्याला पश्चात्ताप होईल. तिथला पहिला कैदी 18 वर्षांचा एक काळा तरुण होता, हेही ध्यानात घ्यावे. इंग्रज कादंबरीकार डिकन्स 1842 साली तो तुरुंग पाहून हादरले आणि त्यांनी त्यावर कडक टीका केली. 1890 साली तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले, की अशा कोठडीने कैदी वेडे होतात. पद्धत मागे पडली, पण विसाव्या शतकात पुन्हा डोके वर काढून आली.

तीन पँथर

1966 साली ओकलंड शहरात ह्युई न्यूटन व बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. आल्बर्ट वूडफॉक्स हा न्यू ऑर्लिन्सचा तरुण तेव्हा चोऱ्यामाऱ्या करणारा होता. न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याला पँथर भेटले आणि माणूस बदलला. 1971 साली त्यांनी व हर्मन वॉलेस यांनी अंगोलाच्या आतच पँथरची शाखा काढली.

त्याच वर्षी 21 ऑगस्टला कॅलिफोर्नियात जॉर्ज जॅक्सन यांना तुरुंगात गोळी घातली गेली. 70 डॉलरच्या दरोड्यासाठी त्यांना एक वर्ष ते जन्मठेप अशी मोघम शिक्षा होती. अकरा वर्षे झाली तरी सुटका नव्हती. सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या अटिका तुरुंगात कैदी उठले. तिथे आठवड्याला एक आंघोळ आणि महिन्याला कागदाची एक गुंडाळी मिळे. 13 सप्टेंबरला सरकारने गोळीबार करून तुरुंग परत घेतला. 29 कैदी आणि ओलीस ठेवलेले 10 कर्मचारी सरकारी गोळ्यांनीच मेले.

17 एप्रिल 1972 रोजी अंगोलात एका गोऱ्या पहारेकऱ्याचा खून झाला. वूडफॉक्स व वॉलेस यांच्यावर आळ आला. ज्यूरी सगळी गोरी. मुख्य साक्षीदार कैद्याला सुटकेचं आणि सिगारेटचं आमिष दाखवल्याचं पुढे उघडकीस आलं. तिसरे पँथर रॉबर्ट किंग तर त्या दिवशी अंगोलात नव्हतेच. तरी त्यांनाही कोंडलं. सहा फूट बाय नऊ फूट कोठडी, दिवसातले 23 तास आत.

या घटनेनंतर सहा आठवड्यांनी, 29 मे 1972 रोजी मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. इकडे नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या सभा गाजत होत्या, तेव्हा तिकडे त्याच नावाचे पँथर कोठडीत बसून लढत होते.

कसे लढले? जेवणाचे ताट जमिनीवरून ढकलून देत, म्हणून 45 दिवस उपोषण केले आणि दाराला ताटापुरती खाच पाडून घेतली. कपडे उतरवून घेतल्या जाणाऱ्या झडतीविरुद्ध कोर्टात गेले. कायदा स्वतः वाचून शिकले. शेजारच्या कोठडीतल्या निरक्षर कैद्याला गजांआडून वाचायला शिकवलं. बाबासाहेबांचा 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा मंत्र त्यांनी ऐकला नसेल, पण आचरला मात्र तंतोतंत.

किंग 29 वर्षांनी 2001 साली सुटले आणि त्यांनी बाहेरून चळवळ उभारली. अॅम्नेस्टीने आवाज उठवला. मेलेल्या पहारेकऱ्याच्या विधवेनेही हे खुनी नसावेत असं सांगितलं. वॉलेस 1 ऑक्टोबर 2013 ला सुटले आणि तीन दिवसांनी कर्करोगाने गेले. वूडफॉक्स 19 फेब्रुवारी 2016 ला, आपल्या 69 व्या वाढदिवशी बाहेर आले. जवळजवळ 44 वर्षे एकांतात! 2022 साली त्यांचे निधन झाले.

हजारोंचे उपोषण

कॅलिफोर्नियात 1989 साली पेलिकन बे हा खास एकांताचा तुरुंग उघडला. बिनखिडकीच्या कोठड्यांत 500 हून अधिक कैदी दहा वर्षांपेक्षा जास्त काळ होते. जॉर्ज जॅक्सनचे पुस्तक जवळ सापडले, तर तोही टोळीत असल्याचा पुरावा धरत. 2012 साली तिथल्या काळ्या, गोऱ्या व मेक्सिकन वंशाच्या कैद्यांनी आपसातले वैर बंद करण्याचे आवाहन काढले. आम्हांस हीच सर्वांत मोठी गोष्ट वाटते. कारण जेलवाल्यांचं राज्य त्या वैरावरच चालत होतं. 8 जुलै 2013 ला सुमारे 30,000 कैद्यांनी अन्न नाकारले. उपोषण 60 दिवस चालले. 2015 साली सरकारला तडजोड करावी लागली आणि बेमुदत एकांताची पद्धत मोडली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी मंडेला यांच्या नावाचे नियम केले : सलग 15 दिवसांपेक्षा जास्त एकांत नको.

आपण काय घ्यावे

हे सातासमुद्रापलीकडचं, असं कुणी म्हणेल. मग आपल्याकडे पाहा. आपल्या कारागृहांच्या नियमपुस्तकांत झाडलोट कोणत्या जातीने करावी, स्वयंपाक कोणत्या, हे स्वातंत्र्यानंतरही छापलेलं होतं. पत्रकार सुकन्या शांता यांनी दाद मागितली, तेव्हा 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. संविधान लागू होऊन 74 वर्षे झाली होती! नियम कागदावरून गेला, पण कोठडीतून गेला की नाही, हे बघणं आपलं काम आहे.

भगवान बुद्धांनी अंगुलिमालाला कोंडले नाही, संघात घेतले. माणूस बदलू शकतो, हा धम्माचा पाया आहे. आमची सूचना अशी, की विहाराच्या वाचनालयाने कारागृहांना पुस्तके द्यावीत आणि आपल्या वकील मुलांनी जामिनाअभावी अडकलेल्या गरिबांची प्रकरणे हाती घ्यावीत. वूडफॉक्सने गजांआडून एकाला वाचायला शिकवलं. आपण तर मोकळे आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!