ड्रॅग शर्यतीतील मिथेनॉल इंधन

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ धावपट्टीवरील, पारंपरिकरीत्या पाव मैलाची वेगस्पर्धा. अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या ‘टॉप अल्कोहोल’ गटातील सुपरचार्जरयुक्त मोटारी मिथेनॉलवर धावतात.

एक किलोग्रॅम पेट्रोलच्या ज्वलनास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. मिथेनॉलला सुमारे ६.५ पुरते. त्यामुळे त्याचे उष्मांकमूल्य पेट्रोलच्या निम्म्याहून कमी असले, तरी तेवढ्याच हवेत दुपटीहून अधिक इंधन जाळता येते. शिवाय बाष्पीभवन होताना ते आत येणारी हवा थंड करते.

इंधन निवडताना शुद्धता हाच खरा निकष होय. मिथेनॉल हवेतील आर्द्रता शोषून घेते आणि त्यात पाणी पूर्णतः मिसळत असल्याने भेसळ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हायड्रोमीटरने घनता मोजतात. २० अंश सेल्सिअसला ती प्रति मिलिलिटर सुमारे ०.७९२ ग्रॅम असते. पाण्याने ती वाढते. तापमानाची नोंद न करता घेतलेल्या मापनास अर्थ नाही. पिंप घट्ट बंद ठेवावे.

मिथेनॉल ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमचे भाग गंजवते, म्हणून शर्यतीनंतर टाकी व नळ्या रिकाम्या करतात. न जळलेले इंधन वंगणतेलात उतरते. पाण्याचा अंश मिसळून तेल दुधाळ दिसू लागल्यास ते बदलावे लागते.

मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळजवळ अदृश्य असते. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रिक मिअर्स अशाच आगीत भाजले. ही आग भरपूर पाण्याने विझवता येते. मिथेनॉल विषारी असून त्वचेतूनही शरीरात शिरते; पोटात गेल्यास अंधत्व वा मृत्यू ओढवू शकतो.