सूची आणि संहिता : मिशिगन ग्रंथालयाच्या अंकीकरणाचा एक धडा

ग्रंथालयाच्या इतिहासाकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा वळत नाही; ग्रंथ हाती आला की ग्रंथालय विस्मरणात जाते. मिशिगन विद्यापीठात २००४ नंतर जे घडले, त्याने ही उदासीनता परवडण्याजोगी ठेवली नाही. तेथील सुमारे ७० लाख खंडांचे अंकीकरण विद्यापीठाच्या स्वतःच्या गतीने व्हायचे तर १००० वर्षे लागतील, असा अंदाज होता. गूगलने ते ६ वर्षांत करण्याची तयारी दर्शविली. डिसेंबर २००४ मध्ये मिशिगनसह हार्वर्ड, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय यांच्याशी झालेले करार जाहीर झाले.

हा हिशेब खंडांचा होता, ग्रंथनोंदींचा नव्हता. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री नन्बर्ग यांनी २००९ मध्ये गूगलच्या ग्रंथसंग्रहातील नोंदींची चिकित्सा केली, तेव्हा असंख्य ग्रंथांवर १८९९ हे प्रकाशनवर्ष पडलेले आढळले. आंद्रे मालरो यांची १९३३ची कादंबरीही त्यांत होती; मालरो जन्मले १९०१ मध्ये! अशा सामग्रीवरून शब्दाचा वा वाङ्मयप्रकाराचा कालक्रम मांडणाऱ्याची गत काय होईल, हे सांगावयास नको.

ग्रंथालयांनी आपल्या अंकीय प्रतींसाठी २००८ मध्ये 'हाथीट्रस्ट' ही सामायिक व्यवस्था उभारली. (नाव हत्तीच्या स्मरणशक्तीवरून, शब्द हिंदीतला.) तिच्याविरुद्धच्या खटल्यात २०१४ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने शब्दशोधासाठी केलेले अंकीकरण ग्राह्य ठरविले. स्वामित्वहक्क अबाधित असलेला ग्रंथ शोधता येतो, पण सामान्य वाचकाला वाचता येत नाही, अशी एक चमत्कारिक अवस्था त्यातून स्थिर झाली.

मराठीचा संबंध येथे येतो. १९६२ पासून पी. एल. ४८० योजनेखाली भारतीय भाषांतील ग्रंथ अमेरिकी विद्यापीठांत नियमाने जाऊ लागले, आणि त्यांत मराठी ग्रंथही होते. त्यांच्या नोंदी रोमन लिप्यंतरात, अक्षरांखाली टिंबे व वर रेघा देऊन केल्या गेल्या. टिंबे गळली की 'वाट' आणि 'वात' एकच होतात. शिवाय नोंदीतला 'व' व्ही या अक्षराने लिहिलेला असतो. मराठी वाचक कित्येकदा डब्ल्यूने आरंभ करतो आणि रिकाम्या हाताने परततो. ग्रंथाच्या अंतरंगात शोध घ्यावा, तर शिरोरेषा व जोडाक्षरे रोमन मुद्रणासाठी घडलेल्या अक्षरओळख यंत्रणेला दीर्घकाळ नीट उलगडली नाहीत. म्हणजे स्वामित्वहक्काखालील इंग्रजी ग्रंथाला कायद्याने जो शब्दशोध तरी ठेवला, तो मराठी ग्रंथाच्या वाट्याला नीट आलाच नाही. अशा ग्रंथाच्या नोंदीपर्यंत पोहोचण्यासाठी मराठी संशोधकाला आधी तेथील सूचीकाराने त्याचे शीर्षक रोमनमध्ये कसे लिहिले असेल, हे ताडावे लागते.