तार पोचण्याआधीची वीज

1916 मध्ये ओहायोतल्या डेटन शहरातून एक यंत्र अमेरिकेच्या शेतांवर जाऊ लागले. नाव डेल्को-लाइट. मोटारीचा इलेक्ट्रिक स्टार्टर बनवणाऱ्या चार्ल्स केटरिंगच्याच डोक्यातून ते निघाले होते. रॉकेलवर चालणारे छोटे इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर आणि शेजारी फळीवर ओळीने मांडलेल्या काचेच्या 16 बरण्या. प्रत्येक बरणीत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल. एका बरणीचे 2 व्होल्ट, सगळ्यांचे मिळून 32.

या 32 व्होल्टवर दिवे लागत, पंप चालत. त्याच व्होल्टेजच्या इस्त्र्या, रेडिओ आणि कपडे धुण्याची यंत्रेही बाजारात आली. हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहायची, ती उतरली असेल तर इंजिन सुरू करायचे, पाणी आटले की शुद्ध पाण्याची भर घालायची, हा घरातला नेम होऊन बसला. लोडशेडिंगच्या दिवसांत ज्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतले आहे, त्यांना यातली कटकट वेगळी सांगायला नको.

रॉकेलला पैसे पडतात, वारा फुकट. मोंटानातल्या मार्सेलस जेकब्स आणि त्याच्या भावाने 1920 च्या दशकात तीन पात्यांची पवनचक्की तयार केली आणि ती अशाच बॅटऱ्यांना जोडली. माल इतका दणकट, की ॲडमिरल बर्डच्या अंटार्क्टिका मोहिमेनेही तो सोबत नेला.

मग सरकारी तार आली. 1930 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या दहापैकी जेमतेम एका शेतघरात कंपनीची वीज होती. 1935 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभी केली आणि पुढच्या वीस वर्षांत बहुतेक सगळी शेते खांबांना जोडली गेली. 32 व्होल्टची उपकरणे त्या विजेवर चालेनात. ती अडगळीत गेली, जेकब्सचा कारखानाही 1950 च्या दशकात बंद पडला. शेतकऱ्यांना याचे फारसे दुःख झाले असेल, असे वाटत नाही.

बॅटरीचे घर पुन्हा उभे राहिले ते उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत. 1970 च्या दशकात शहरांना कंटाळलेली तरुण मंडळी तिथे स्वस्त जमिनी घेऊन राहायला गेली. खांब मैलोन् मैल दूर, म्हणून त्यांनी मोटारीच्या बॅटरीवर घर चालवायला सुरुवात केली: 12 व्होल्टचे दिवे, मोटारीतलाच टेप. बॅटरी चार्ज करायची तर गाडी फिरवून आणायची! शिवाय मोटारीची बॅटरी क्षणभर जोर लावण्यासाठी बनवलेली. रोज रात्री खोलवर उपसली की ती लवकर मरते. त्यामुळे जाणकार लोक गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या आणू लागले.

गाडी न फिरवता बॅटरी भरू शकणारा सौरघट तोवर जुना झाला होता. बेल लॅबने तो एप्रिल 1954 मध्ये जगाला दाखवला. सूर्यप्रकाशातली सुमारे 6 टक्के ऊर्जा त्यातून विजेत उतरत होती. पण किमतीमुळे तो उपग्रहांपुरताच राहिला. 1973 च्या सुमारास एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने एक्सॉन या तेल कंपनीच्या पैशावर स्वस्त पॅनेल बाजारात आणले. वॅटचा भाव 100 डॉलरवरून 20 पर्यंत उतरला. पहिली गिऱ्हाइके समुद्रातले तेलफलाट आणि दिशादर्शक दिवे, घरे नंतरची.

1978 मध्ये जॉन शेफर यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या विलिट्स गावात ‘रिअल गुड्स’ नावाचे दुकान काढले आणि या डोंगरी मंडळींना पॅनेल विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांत चोरून गांजा पिकवणारेही होते. त्यांच्या हातात रोकड होती आणि जनरेटरच्या आवाजाने लक्ष वेधले जाणे त्यांना परवडणारे नव्हते. सौरऊर्जेच्या गौरवग्रंथांत हा तपशील सहसा सापडत नाही, पण त्या बाजाराला सुरुवातीचा आधार यांचाही होता.

ओरेगनमधल्या रिचर्ड आणि कॅरन पेरेझ यांनी 1987 मध्ये ‘होम पॉवर’ हे मासिक सुरू केले, तेही सौर विजेवर चालणाऱ्या संगणकावर. त्यातले मर्म व्यवहारी होते: आधी घरातला विजेचा खप कमी करा, मग पॅनेल मोजा. हे मासिक 2018 मध्ये थांबले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने 2020 पासून नव्या घरांवर सौरपॅनेल बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. ती घरे बहुतेक तारेला जोडलेलीच आहेत.