शिल्लक विजेचा भाव कोण ठरवतं? वाशीच्या मार्केटमध्ये सापडलेला प्रश्न

संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. माझा एक प्रश्न मला वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये सापडला. पहाटेची वेळ, भाजीपाल्याच्या गाड्या खाली होत होत्या. एका गाळ्यावरचे काका म्हणाले, "घरावर सोलर बसवलंय. महिन्याचं बिल जवळजवळ शून्य. पण मार्चनंतर उरलेल्या युनिटचे पैसे आले ते अगदीच किरकोळ. घेताना एक भाव, विकताना दुसरा!" मी म्हटलं, "काका, बाजारात पण तसंच असतं ना?" ते हसले. "इथे निदान घेणारे दहा जण असतात."

हे शेवटचं वाक्य नीट वाचा. घेणारा एकच असेल तर भाव ठरतो कसा? हा इतिहासाचा प्रश्न आहे.

आधी मार्केटचं बघू. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा 1963 चा, मुंबई बाजार समिती 1977 ची. पुढे मुंबईतला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत आला. फळं आणि भाजीपाला 1996 मध्ये. कायद्याचा हेतू असा की माल नियमन केलेल्या आवारात यावा, लिलाव उघड व्हावा, वजन चोख असावं. तरी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत लोकांच्या आठवणीतून गेली नाही. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला नियमनातून मोकळा केला. म्हणजे शेतमालाची वाट बंधनाकडून मोकळिकीकडे गेली.

घरच्या विजेची गोष्ट वेगळी आहे. 1978 चा अमेरिकन कायदा महत्त्वाचा, कारण छोट्या उत्पादकाची वीज विकत घेणं त्याने वीज कंपन्यांवर बंधनकारक केलं. साधारण त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुविशारदाने सौर इमारती ग्रिडला जोडल्या. वीज बाहेर जाताना मीटर उलटा फिरायचा, आणि तो उलटा फिरणारा मीटर म्हणजेच नेट मीटरिंग. 1983 मध्ये मिनेसोटा राज्याने छोट्या उत्पादकांसाठी त्याला कायद्याचा आधार दिला. जर्मनीने दुसरा रस्ता धरला. तिथे 1991 पासून लागू झालेल्या कायद्याने ग्रिडमध्ये घातलेल्या विजेला ठरावीक दर दिला.

आता महाराष्ट्र. वीज नियामक आयोग 1999 मध्ये स्थापन झाला, 2003 चा वीज कायदा आला, आणि छतावरच्या सौर विजेसाठी नेट मीटरिंगचे विनियम आले ते 2015 मध्ये. त्यातली मेख समजून घ्या. समजा मे महिन्यात तुमच्या छतावर 360 युनिट तयार झाले आणि तुम्ही 250 वापरले. उरलेले 110 पुढच्या बिलात युनिटला युनिट वजा होतात, म्हणजे त्यांना किरकोळ विक्रीचाच भाव मिळाला. पण 31 मार्चला जे उरेल, ते 2015 च्या विनियमांनुसार वितरण कंपनी आपल्या सरासरी वीजखरेदी दराने घेत असे आणि खातं पुन्हा शून्यावर येतं. काकांना कोडं वाटलं ते इथे. वर्षभर ते वीज विकत नव्हते, साठवत होते. खरी विक्री एकदाच झाली, तीही घाऊक भावात.

2019 मध्ये आयोगाच्या मसुद्यात ही युनिटला युनिट वजावट महिन्याला 300 युनिटपर्यंत मर्यादित करायचा प्रस्ताव होता. कंपन्यांचं म्हणणं असं की तारा, रोहित्रं आम्ही सांभाळतो, रात्री वीज आम्ही देतो, त्याचा खर्च सोलर नसलेल्या ग्राहकाने का भरावा? छतवाल्यांचं म्हणणं असं की दुपारी आमची वीज शेजारच्या घरात जाते, ती तुम्ही पूर्ण दराने विकता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जोरदार हरकती आल्या. डिसेंबरमधल्या अंतिम विनियमांत ती मर्यादा नव्हती, नेट मीटरिंग टिकलं, सोबत नेट बिलिंगचा पर्याय आला. ग्रिड वापराचं शुल्कसुद्धा राज्यातली छतावरची क्षमता 5,000 मेगावॉट होईपर्यंत पुढे ढकललं गेलं.

म्हणजे आपल्या विजेचा भाव ना लिलावात ठरला, ना रुमालाखाली. तो हरकती आणि सुनावण्यांत ठरला. संशोधन करणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. आपण फक्त अंतिम विनियम वाचतो. खरा ऐवज असतो मसुद्यात, हरकतींत आणि आयोगाने दिलेल्या कारणांच्या निवेदनात. मसुदा आणि अंतिम मजकूर शेजारी ठेवा, गाळलेलं वाक्य शोधा, आणि ते कोणाच्या बोलण्यामुळे गाळलं गेलं ते विचारा. तुमचा विषय पाणी असो की भाडं, ही रीत चालते.

आणि एक: सुनावणीला कोण आलं नाही, तेही लिहून ठेवा. ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छतच नाही, अशा भाडेकरूंचं या भावात काय होतं? या प्रश्नावर कोणाला काम करायचं असेल, तर जरूर करा.