‘प्रिकेरियस’ : दुसऱ्याच्या मर्जीवरचे

मोडकळीस आलेली इमारत, डळमळते सरकार, रुग्णाची नाजूक प्रकृती अशा अनेक ठिकाणी इंग्रजी वृत्तपत्रे ‘प्रिकेरियस’ हे विशेषण वापरतात. अनिश्चित, असुरक्षित, धोक्याचे हे त्याचे अर्थ कोशात सापडतात. ते चूक नाहीत, पण शब्दाचे मर्म त्यांत उतरत नाही.

लॅटिनमध्ये ‘प्रेक्स’ म्हणजे विनवणी. त्यावरून ‘प्रेकारियुस’, म्हणजे आर्जवाने मिळालेले. (आपल्या ‘पृच्छा’ आणि ‘प्रश्न’ या शब्दांचा धातूही याच कुळातला.) रोमन कायद्यात ‘प्रेकारियुम’ नावाचा व्यवहारच होता. मागणाऱ्याला जमीन किंवा वस्तू विनामोबदला वापरावयास मिळे. मात्र देणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा ती परत करावी लागे. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तोही ‘दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असलेले’ या अर्थाने. पुढे तो कोणत्याही अनिश्चिततेला लावला जाऊ लागला. १७५५च्या आपल्या कोशात डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी या ढिलाईबद्दल नाराजी नोंदविली आहे, आणि ती रास्त वाटते. पावसाचा भरवसा नसतो, पण पाऊस कुणाच्या मर्जीने पडत नाही.

जॉन्सन यांना अभिप्रेत असलेला अर्थ परळ-लालबागच्या वाचकाला ‘बदली कामगार’ या दोन शब्दांत उमगेल. कायम कामगार गैरहजर राहिला, तरच बदलीला त्याच्या जागी काम मिळे. एरवी पाळीच्या वेळी गिरणीत हजेरी लावून रिकाम्या हाती परतावे लागे. जुन्या काळी कुणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. त्याची मर्जी राखणे, प्रसंगी दस्तुरी देणे, हे ओघाने आलेच. बदलीवाल्याच्या हातातले कसब उणे नव्हते; उणा होता तो कामावरचा हक्क. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती.

म्हणून ‘प्रिकेरियस’साठी ‘अनिश्चित’पेक्षा ‘मर्जीवरचे’ किंवा ‘परस्वाधीन’ हे प्रतिशब्द अधिक जवळचे. ‘प्रोलेटेरियट’ या शब्दाशी त्याचा सांधा जुळवून ‘प्रिकेरियट’ हे नामही तयार झाले आहे. गाय स्टँडिंग या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या २०११ मधील पुस्तकामुळे ते रूढ झाले. कंत्राटी, हंगामी आणि हाक येईल तेव्हा कामावर जाणाऱ्यांचा वर्ग, असा त्याचा अर्थ. दोन्ही शब्दांच्या उच्चारात आघात ‘के’वर येतो.